छत्तीस सेंटीमीटरची पायरी

भूगोल विभागातल्या मदतनिसाचा पाय मुरगळला, आणि तोही कुठल्या दरीत किंवा कड्यावर नव्हे, तर विभागाच्या जिन्यात. पंचवीस वर्षं हा माणूस प्राध्यापकांच्या मागे खडकाळ नद्या तुडवत हिंडला, कधी साधं खरचटलं नाही. आणि पडला तो चहाचे कप घेऊन खाली उतरताना. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलं. नेमक्या त्याच तीन आठवड्यांत सुनेला नदीकाठची मोजणी उरकायची होती.

सून म्हणजे या गोष्टीतली संशोधक. विभागात तिला कोणी सून म्हणत नसे, पण ही गोष्ट तिच्या सासूबाईंवाचून घडलीच नसती, तेव्हा आपण तिला सूनच म्हणू. एका लहानशा नदीनं आपलं खोरं कसं कोरत आणलं, यावर ती चार वर्षं पीएचडी करत होती. आता शेवटचं काम उरलं होतं. नदीच्या काठापासून वर उतारावर तीन सरळ रेषा आखायच्या, प्रत्येक तीनशे मीटर लांब, आणि दर पाच मीटरवर जमिनीची उंची मोजायची. काम दोघांचं. एकानं स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्यानं आकडे रंगवलेली उंच पट्टी घेऊन एकेका बिंदूवर उभं राहायचं. दुर्बिणीतून पट्टीवरचा जो आकडा दिसेल, त्यावरून तिथल्या जमिनीची उंची काढायची.

इतर विद्यार्थी परीक्षेत अडकलेले. नवऱ्यानं आधी मोठ्या हौसेनं हो म्हटलं आणि मग त्याच्या ऑफिसात लागोपाठ तीन दिवस महत्त्वाच्या मीटिंगा निघाल्या. सून जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसली.

"मी येते," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून काढली होती, त्यातली वीस ऑपरेशन थिएटरमध्ये. तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून इस्पितळात दाखवायची ती शिस्त सगळीच्या सगळी घरावर आली. घरातली कात्री जिथली तिथे नसली तर नवरा आणि सून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत.

"आई, दिवसभर उभं राहावं लागतं."

"सहा-सहा तास उभी राहिलेय मी, हातात चिमटा धरून. समोर माणसाचं पोट उघडं असायचं. तुझी नदी काही भूल उतरून उठून बसणार नाही."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांसाठी बसायला स्टूल घेते सोबत. न्हाणीघरातलं."

सुनेला दुसरा मार्ग नव्हता. अडला हरी, असं मनाशी म्हणून तिनं होकार दिला. म्हण तिनं अर्ध्यावर सोडली, कारण पुढचा भाग सासूबाईंना लागू करायची तिची छाती नव्हती.

प्रत्यक्षात सासूबाई कामाला वाघ निघाल्या. पट्टीच्या मागे काचेच्या डबीत एक छोटा बुडबुडा असतो. तो मधोमध राहिला तरच पट्टी सरळ उभी आहे असं समजायचं. मदतनिसाच्या हातात तो बुडबुडा डुलकी लागल्यासारखा इकडे तिकडे जायचा. सासूबाईंच्या हातात तो जागचा हलला नाही. दोघींनी कानात इअरफोन घातले होते, त्यामुळे शंभर मीटरवरूनही बोलणं चालू होतं.

"आई, पुढचा बिंदू."

"आले. थांब, नीट ठेवू दे. हं, वाच."

"पट्टी जरा सरळ..."

"सरळच आहे. तुझी दुर्बीण वाकडी असेल."

सुनेनं दुर्बीण तपासली. ती खरोखरच केसभर वाकडी झाली होती.

काठाजवळ वाळू होती, वर गेल्यावर गुडघाभर गवत. दुर्बिणीतून फक्त पट्टीचा मधला तुकडा दिसायचा, आकडे मोठे मोठे होऊन. बाकी सासूबाई, गवत, आकाश काहीच दिसायचं नाही. पाच दिवसांचं काम तीन दिवसांत आटोपलं. अशा मोजणीत शेवटी फिरून पहिल्या खुणेच्या दगडावर पट्टी ठेवून पाहतात. सुरुवातीची उंची परत यायला हवी. फरक आला दोन मिलीमीटरचा. पायरीसरांनी तो आकडा ऐकला आणि म्हणाले, "मदतनिसाचा पाय पाच वर्षांपूर्वीच मुरगळायला हवा होता."

पायरीसर म्हणजे सुनेचे मार्गदर्शक. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलं होतं की ही नदी पूर्वी उंचावरून वाहायची, मग टप्प्याटप्प्यानं खाली कापत आली, आणि प्रत्येक टप्प्यावर तिनं काठाला एक पायरी सोडली आहे. अशा पायऱ्या तीन असल्या पाहिजेत. पहिल्या दोन कोणालाही दिसत. तिसरी कोणालाच सापडली नव्हती. ती गवताखाली आहे, असं सर म्हणत. ती सरांच्या टोपीखाली आहे, असं गाळबाई म्हणत.

गाळबाई समोरच्याच खोलीत बसत. त्यांचा विषय चिखल. खिडकीत ओळीनं बरण्या, बरण्यांत निरनिराळ्या नद्यांचा गाळ, प्रत्येकीवर तारीख. दोघांची दारं समोरासमोर, आणि प्रिंटर मात्र दोघांत एकच. त्यामुळे वीस वर्षं वाद सुरू राहिला आणि बोलणंही कधी थांबू शकलं नाही.

सुनेनं पहिल्या रेषेचा आलेख संगणकावर काढला तेव्हा सर मागे उभे होते. रेघ काठापासून हळूहळू वर चढत गेली, आणि तेविसाव्या बिंदूला एकदम उडी. छत्तीस सेंटीमीटर. मग पुन्हा संथ चढ. दुसऱ्या रेषेत तीच उडी पंचविसाव्या बिंदूला, तिसरीत एकविसाव्या. नकाशावर ते तीन बिंदू जोडले तर नदीला समांतर अशी सुरेख रेघ तयार झाली. चार वर्षं सुनेनं हीच जमीन तुडवली होती आणि तिला पायाखाली काही जाणवलं नव्हतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "तिन्हीकडे किती?"

"छत्तीस, छत्तीस आणि छत्तीस."

सर खुर्चीत बसले. मग त्यांनी गाळबाईंना हाक मारली. वीस वर्षांत त्यांनी स्वतःहून मारलेली ती पहिली हाक असावी, कारण बाई पेन हातात घेऊनच धावत आल्या, कोणाला काही झालं असं समजून.

त्यांनी आलेख पाहिला. खाली वाकून पुन्हा पाहिला.

"इतकं सारखं निसर्गाला जमत नाही," त्या म्हणाल्या. "सुताराला जमतं."

"हरलेल्या माणसाचं बोलणं असंच असतं," सर म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. मदतनीस रजेवर होता, हे आठवल्यावर ते स्वतः जाऊन घेऊन आले.

त्यानंतरचे दहा दिवस विभागात लग्नघर असल्यासारखे गेले. सर पाच महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी बाहेरच्या विद्यापीठांतल्या तीन मोठ्या अभ्यासकांना बोलावलं: गुरुवारी सकाळी व्याख्यान, दुपारी सगळ्यांना घेऊन नदीवर. ते नवे बूट घेऊन आले आणि ते सैल व्हावेत म्हणून विभागाच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. त्या बुटांची करकर ऐकली की गाळबाई आपलं दार लावून घेत.

आधीच्या रविवारी सकाळी सून कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. सासूबाई नळाखाली ते बुटकं स्टूल घासत बसल्या होत्या.

"तुझ्या नदीचा चिखल भारी चिवट गं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा घासतेय. फटीत बसलाय."

"बसायला इतक्या चिखलात कशाला ठेवलंत? कोरड्यात ठेवायचं ना."

"बसायला कुठे? बसले मी एकदाच, डबा खाताना. पट्टी ठेवायला लागायचं."

सुनेच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. "पट्टी?"

"मग काय, तशीच चिखलात रोवू? विद्यापीठाची वस्तू. खाली वाळू होती तोवर ठीक होतं, पण वर सगळं पचपचीत. आमच्याकडे हत्यार जमिनीला लागलं की बाद. मी आपलं स्टूल ठेवायचे, त्यावर पट्टी नीट उभी करायची, मग तुला सांगायचे वाच म्हणून."

"प्रत्येक बिंदूला?"

"चिखलाच्या प्रत्येक. शेवटी तो दगड होता ना खुणेचा, तो कोरडा होता. त्याच्यावर नाही ठेवलं."

सुनेनं टॉवेल दोरीवर टाकला, घरात गेली, टेप घेऊन आली आणि ओल्या स्टुलाची उंची मोजली. छत्तीस पूर्णांक दोन. मग ती त्याच स्टुलावर बसली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. चांगलं स्टूल आहे."

सोमवारी ती सरांना सांगायला गेली. सर व्याख्यानाचं शीर्षक ठरवत होते. त्यांनी तिला सात शीर्षकं वाचून दाखवली आणि कुठलं बरं वाटतं ते विचारलं. तिनं चौथं म्हटलं आणि बाहेर आली. दुपारी परत गेली, तर सर फोनवर कोणाला तरी सांगत होते, "दोन मिलीमीटर, महाराज. दोन." मंगळवारी ती मन घट्ट करून गेली आणि दारातच म्हणाली, "सर, त्या पायरीबद्दल बोलायचं होतं."

"बस," सर म्हणाले. "मलाही बोलायचंय. परिषदांमध्ये जेवायची टेबलं असतात ना, आठ-आठ जणांची? बावीस वर्षं माझ्या टेबलावर माणसं येतात ती दुसरीकडे जागा उरली नाही म्हणून. आता एकदा तरी आपण होऊन येतील." एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "तू काय म्हणत होतीस?"

"प्रोजेक्टर चालतो का ते पाहून ठेवते," सून म्हणाली.

त्या संध्याकाळी तिचं ताट भरलेलंच राहिलं. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मनगट धरून नाडी मोजली.

"नाडी पळतेय. बोल."

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार. सुनेनं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे, आई. पट्टी जमिनीवरच टेकवायची असते, हे मी आधी सांगायला हवं होतं."

"जमिनीवर?" सासूबाईंचा चेहरा असा झाला, जणू कोणी फरशीवरून उचललेली सुई पेशंटला टोचली. नवऱ्यानं घाईघाईनं आपलं ताट उचललं आणि विसळायला नेलं.

"ऑपरेशनच्या आधी कापसाचे बोळे मोजतात," सासूबाई म्हणाल्या. "शिवायच्या आधी परत मोजतात. एक कमी भरला तर तिथल्या तिथे सांगायचं, समोर कितीही मोठा डॉक्टर असो. शिवून झाल्यावर सांगितलं तर परत फाडावं लागतं. तुझे पाहुणे परवा येणार ना?"

"हो."

"म्हणजे अजून शिवलेलं नाही. उद्या सकाळी मी येते."

बुधवारी सकाळी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं स्टूल काखेत घेऊन विभागात आल्या. सुनेनं ओळख करून दिली. सरांना आनंद झाला.

"या, आजी. तुमच्यासारखी पट्टी कोणी धरली नाही आजवर. पण स्टूल कशाला आणलंत? खुर्च्या आहेत की इथे."

"तुमचं वय काय?" सासूबाईंनी विचारलं.

"साठाला पाच महिने कमी."

"मी एकसष्टची. आजी म्हणू नका." त्यांनी कागद सोडवला आणि स्टूल सरांच्या टेबलावर, व्याख्यानाच्या कागदांशेजारी ठेवलं. "ही तुमची तिसरी पायरी. माझ्याकडून झालंय ते, पोरीला यातलं रविवारपर्यंत काही माहीत नव्हतं." आणि चिखल, हत्यार, खुणेचा कोरडा दगड, सगळं त्यांनी ड्यूटी बदलताना सांगतात तसं पायरीपायरीनं, एकही शब्द जास्त न बोलता सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं. नंतर खण उघडून टेप काढली.

"मी मोजलंय, सर," सून हळूच म्हणाली. "छत्तीस पूर्णांक दोन."

"आलेखात छत्तीस पूर्णांक एक आहे."

"चिखलात रुतलं असेल मिलीमीटरभर," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी तरीही मोजलं. चारही पायांजवळ मोजलं. त्यानंतर टेप परत खणात ठेवली आणि खण लावला. सुनेला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. सरांनी फोन जवळ ओढला आणि पहिल्या पाहुण्याला लावला.

"मी बोलतोय. उद्या येऊ नका. माझी पायरी स्टूल निघाली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "स्टूल. बसायचं. नाही, ठीक आहे मी." दुसऱ्या पाहुण्यालाही त्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्याला सांगताना "माझी पायरी" इथवर आले आणि त्यांचे खांदे हलू लागले. सून घाबरून पाण्याचा पेला शोधू लागली. पण सर हसत होते. त्यांना "स्टूल" हा शब्दच उच्चारता येईना, शेवटी सासूबाईंनी फोन हातातून घेतला आणि पलीकडच्या थोर अभ्यासकाला नर्सच्या आवाजात सांगितलं, "पेशंट बरा आहे. उद्या यायची गरज नाही."

दार उघडं होतं, त्यामुळे गाळबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आयता चालून आला होता, आणि सरांनी हसणं आवरून स्वतःच मान पुढे केली. "बोला. सुताराला जमतं, म्हणाला होतात तुम्ही."

बाई सरांकडे बघतच नव्हत्या. त्या सासूबाईंकडे पाहत होत्या.

"स्टूल ठेवायला सुरुवात कुठे केलीत?"

"चिखल लागला तिथे."

"म्हणजे त्याच्याआधी चिखल नव्हता? थोडासुद्धा?"

"कोरडं ठणठणीत. एका पावलावर वाळू, पुढच्या पावलावर पचपच. माझ्या बुटांना विचारा."

"आणि तिन्ही रेषांत असंच?"

"तिन्हीत."

गाळबाई आत आल्या आणि न विचारता सरांच्या संगणकासमोर बसल्या. नकाशावर ते तीन बिंदू आणि त्यांना जोडणारी नदीला समांतर रेघ अजून तशीच होती. "अहो, पायरी नसेना का," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पण चिखल एका रेघेत का सुरू होतो?"

उंचीच्या आकड्यांतून छत्तीस सेंटीमीटर वजा केल्यावर सुनेचा आलेख बाळाच्या पोटासारखा गुळगुळीत झाला होता. त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. चिखलाची रेघ मात्र उरली होती.

पुढच्या आठवड्यात चौघं नदीवर गेली. मोजणी पुन्हा झाली, या वेळी पट्टी थेट जमिनीवर ठेवून. सासूबाईंनी प्रत्येक बिंदूनंतर ती फडक्यानं पुसली, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. त्यानंतर पहिल्या रेषेतल्या तेविसाव्या बिंदूवर खड्डा खणायचं ठरलं. सर हट्टानं कुदळ घेऊन पुढे झाले. नव्या बुटांची ती पहिलीच खरी कामगिरी होती.

अर्धा मीटर काळी माती निघाली. मग जरा फिकी. कमरेइतकं खणून झाल्यावर कुदळीचा आवाज बदलला, आणि फावड्याबरोबर वर आली ती निळसर राखाडी, लोण्यासारखी मऊ, चिकट माती. गाळबाईंनी ती दोन बोटांत मळली, वास घेतला, आणि चिमूटभर दाताखाली धरून पाहिली. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"कण लागत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "ही वाहत्या पाण्याची नव्हे. साचलेल्या पाण्यात बसलेली आहे. इथे तळं होतं. वरचा सगळा सपाट भाग तळ्याचा तळ, म्हणून पाणी मुरत नाही. नदी नंतर आली आणि तळं कापून खाली गेली." त्या सुनेकडे वळल्या. "तुझ्या प्रबंधात तळ्याचा उल्लेख आहे?"

"नाही."

"मग आता एक प्रकरण वाढेल. आणि या बाई मला पुढच्या महिन्यात हव्या आहेत. माझ्याकडे मोजायला आणखी चार नद्या आहेत."

"त्या माझ्या गटात आहेत," सर खड्ड्यातून म्हणाले.

"तुम्ही निवृत्त होताय."

"मी पण निवृत्तच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि आधी मला वेळ विचारायची."

गाळबाईंनी वेळ विचारली. मंगळवार सोडून कुठलाही दिवस चालेल, असं ठरलं. सून खड्ड्याच्या कडेला बसून भराभर टिपणं काढत होती. प्रबंध आणखी आठ महिने लांबणार, हे तिला कळून चुकलं होतं, आणि तरी हात थांबत नव्हता.

सर कुदळीवर हनुवटी टेकवून निळ्या मातीकडे पाहत उभे होते. मग त्यांनी मान वर केली.

"तळं होतं म्हणता?"

"होतं."

"मग तळ्याला काठ असणारच."

"असणार."

"आणि काठ म्हणजे, नीट विचार केला तर, एक प्रकारची पायरीच की."

"तुम्ही आधी वर या," गाळबाई म्हणाल्या.

पण सरांचे बूट निळ्या मातीत घोट्यापर्यंत रुतले होते. गाळबाईंनी एक हात धरला, सासूबाईंनी दुसरा, आणि दोघींनी मिळून सरांना ओढून काढलं. उजवा बूट मात्र खालीच राहिला. तो काढायला सुनेला आणखी पाऊण तास खणावं लागलं, आणि त्या पाऊण तासात सर एका पायावर उभे राहून तिला काठाच्या पायरीचं महत्त्व समजावून सांगत होते.